उद्योगाचार्य बुकर वॉशिंग्टन

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, ही प्रथा वडिलांनी घालून दिलेली आहे. आजवर ज्यांची चरित्रे प्रसिद्ध झाली ते बहुतेक आपल्या देशातले होते. यंदाचा चरित्रनायक मात्र सातासमुद्रापलीकडचा असून आपल्या ज्ञातीशी त्याचा रक्ताचा काहीही संबंध नाही. संबंध आहे तो हातांचा. आपली ज्ञाती रंधा, पटाशी, ऐरण आणि भाता यांवर जगत आली. तो पुरुषही अशाच कष्टकरी लोकांत जन्मला व त्याने शाळेच्या आवारात सुताराचे नेट आणि लोहाराचा भाता मानाने आणून बसविला.

याच चरित्राची निवड करण्यास कारणही तसेच घडले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या मुलांना सुतारकाम, विजेची कामे, बागकाम, कुंभारकाम इत्यादि धंद्यांचा परिचय शाळेतच व्हावा, दहा दिवस दप्तर घरी ठेवून मुलांनी गावातील कारागिरांजवळ बसावे, अशी शिफारस केली. ही वार्ता ऐकून आपल्यातील वृद्धांस आनंद झाला. आपल्या विद्येला शाळेचे दार उघडले असे त्यांस वाटले. तरुण आईबापांच्या कपाळाला मात्र आठी पडली. मुलगा इंजिनिअर व्हावा म्हणून पोटाला चिमटा घेऊन त्याला शाळेत घातला, आणि तेथेही त्याच्या हाती पुन्हा रंधाच द्यावयाचा काय, असा त्यांचा प्रश्न आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. या प्रश्नाचा निकाल ज्याने आयुष्यभर आपल्या परीने लावला, आणि ज्याच्या निकालाला त्याच्याच बांधवांनी कडाडून विरोध केला, त्याचे चरित्र म्हणूनच आज वाचावयास हवे.

बुकर वॉशिंग्टन यांचा जन्म अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतात, फ्रँकलिन परगण्यातील एका मळ्यावर १८५६ साली झाला. आई जेन ही त्या मळ्यावर स्वयंपाकीण व गुलाम. बाप कोणी गोरा मनुष्य होता, इतकेच काय ते ठाऊक. स्वतःचे जन्मवर्षही त्यांस निश्चित माहीत नव्हते. धन्याच्या मृत्यूनंतर १८६१ साली त्याच्या मालमत्तेची जी यादी करण्यात आली, तीत इतर चीजवस्तूंच्या जोडीला या बालकाचीही किंमत मांडलेली आहे. ती ४०० डॉलर. मातीच्या जमिनीवर चिंध्यांत झोपावे, धन्याच्या मुलीची पुस्तके शाळेच्या दारापर्यंत पोहोचवावी आणि दारातूनच परत फिरावे, असे त्यांचे बालपण गेले. दारापर्यंत जाऊन परत फिरणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी ज्यांना सांगितले असेल त्यांस येथे अधिक सांगण्याची गरज नाही.

१८६५ साली यादवी युद्ध संपून गुलाम मुक्त झाले. जेन मुलांना घेऊन पश्चिम व्हर्जिनियातील माल्डन या गावी नवऱ्याकडे गेली. तेथे मिठाच्या भट्ट्या होत्या. सावत्र बापाने लहानग्या बुकरला भट्टीवर कामास लावले. बापाने भरलेल्या पिंपांवर १८ हा आकडा घालीत. तो आकडा हे बुकरने ओळखलेले पहिले अक्षर! पुढे आईने कोठून तरी एक अंकलिपी मिळविली. पहाटे भट्टीवर, मग शाळा, आणि दुपारी पुन्हा भट्टी असा क्रम काही काळ चालला. कोळशाच्या खाणीतही त्यांनी काम केले. त्यानंतर खाणमालक रफनर यांच्या घरी महिना ५ डॉलरवर ते नोकर राहिले. रफनरबाई फार करड्या होत्या. केर कोपऱ्यात राहिलेला त्यांस खपत नसे. दुसरी पोरे पळून जात, बुकर टिकला. या घरातील शिस्तीचे ऋण त्यांनी पुढे मोठेपणी मोकळ्या मनाने मान्य केले आहे.

खाणीत दोन मजुरांच्या बोलण्यातून त्यांनी हॅम्प्टन येथील शाळेचे नाव ऐकले. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांनी १८६८ साली ही शाळा काढली होती आणि तेथे गरीब विद्यार्थ्यास काम करून शिकता येई. १८७२ साली सोळा वर्षांचा बुकर घरून निघाला. अंतर सुमारे ५०० मैल. काही आगगाडी, काही घोडागाडी, काही पायी. रिचमंड शहरात पैसे संपले तेव्हा लाकडी पादपथाखालच्या पोकळीत झोपून रात्री काढल्या व दिवसा जहाजावरील माल उतरविण्याचे काम केले. हॅम्प्टनला पोहोचले तेव्हा खिशात ५० सेंट उरले होते. मुख्य शिक्षिकेने या मळकट पोराला प्रवेशपरीक्षा म्हणून एक वर्ग झाडावयास सांगितला. त्यांनी तो तीनदा झाडला व चारदा पुसला. बाईंनी आपला रुमाल भिंतींवर व बाकांवर फिरवून पाहिला, धूळ लागली नाही; प्रवेश मिळाला, आणि शाळेच्या शिपायाचे कामही मिळाले. १८७५ साली ते तेथून शिक्षक होऊन बाहेर पडले. काही वर्षे माल्डनला शिकविले, पुढे हॅम्प्टनमध्येच अध्यापक झाले.

आता टस्कीगीची हकीकत. अलाबामा प्रांतातील या लहान गावी लुईस ॲडम्स नावाचा एक मुक्त झालेला कृष्णवर्णीय कारागीर राहात असे. पत्र्याचे काम, जोडे शिवणे व घोड्यांचा साज तयार करणे हे तिन्ही धंदे तो गुलामगिरीतच शिकला होता. त्याच्या शब्दाला त्याच्या समाजात वजन होते. निवडणुकीच्या वेळी गोऱ्या उमेदवाराने मते मागितली, तेव्हा त्याने बदल्यात स्वतःसाठी काही न मागता आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. एका कारागिराची ही मागणी आपल्या ज्ञातिबांधवांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रांताने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. पण ते केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही, पुस्तक नाही. चालक म्हणून आर्मस्ट्राँग यांनी वॉशिंग्टन यांचे नाव सुचविले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे.

४ जुलै १८८१ रोजी चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. पाऊस आला की एखादा विद्यार्थी आपला धडा सोडून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरी. थोड्याच दिवसांत ऑलिव्हिया डेव्हिडसन या विदुषी सहशिक्षिका म्हणून आल्या. पुढे त्या वॉशिंग्टन यांच्या द्वितीय पत्नी झाल्या. हॅम्प्टनच्या खजिनदाराकडून उसने पैसे घेऊन ५०० डॉलरला १०० एकरांचा एक पडीक मळा घेतला. तेथील तबेला व कोंबड्यांचे खुराडे झाडून त्यांतच वर्ग भरविले. जमीन साफ करण्याचे काम विद्यार्थ्यांस रुचेना, कारण त्यांतील पुष्कळ जण स्वतःच खेड्यापाड्यांत मास्तरकी केलेले होते. तेव्हा वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढे झाले. मास्तर झाड तोडू लागल्यावर विद्यार्थी किती काळ उभे राहणार?

पहिली मोठी इमारत बांधावयाची ठरली तेव्हा विटांचा प्रश्न आला. गावात वीटभट्टी नव्हती. वॉशिंग्टन यांनी ठरविले की विटा आपणच पाडावयाच्या. हे काम दिसते तितके सोपे नाही, हे आपल्या वाचकांस माहीत आहेच. माती कोणती, पाणी किती, भट्टी रचावी कशी आणि आंच किती दिवस धरावी, हे सारे अनुभवाचे शास्त्र आहे. गुडघाभर चिखलात उभे राहावे लागे. शिकावयास आलो आणि चिखल तुडवितो आहोत, असे म्हणून एकाहून अधिक विद्यार्थी शाळा सोडून गेले. तरी सुमारे २५,००० विटा पाडून पहिली भट्टी लावली; ती फसली. दुसरी लावली, तीही फसली. तिसरी लावली, आठवडाभर आंच दिली, आणि आता काही तासांत विटा हाती येणार अशा वेळी मध्यरात्री ती ढासळली. पैसा संपला. सहकाऱ्यांनी नाद सोडण्याचा सल्ला दिला. वॉशिंग्टन यांच्याजवळ एक घड्याळ होते. ते त्यांनी माँटगोमेरी शहरात सावकाराकडे १५ डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ सोडविण्याची मुदत उलटून गेली व ते कायमचे गेले. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेचे विद्यार्थी एका हंगामात १२ लक्ष पक्क्या विटा पाडीत होते. गावातील गोरे लोकही, ज्यांस या शाळेविषयी काडीचे प्रेम नव्हते, विटा चांगल्या म्हणून विकत घेण्यास येऊ लागले. विटांमागून गाड्या व बग्ग्या आल्या, लोहारशाळा आली, छापखाना आला.

एवढे झाले तरी पालकांचा विरोध मावळला नव्हता. मुलांना काम लावू नका, पुस्तके शिकवा, अशी पत्रे येत. काही पालक स्वतः येऊन तक्रार करीत. जितके पुस्तक जाडे आणि त्याचे नाव लांबलचक, तितके शिक्षण मोठे, असे त्यांस वाटे. आपण त्यांस हसू नये. ज्यांनी पिढ्यानपिढ्या चाबकाखाली काम केले, त्यांस शिक्षण म्हणजे कामापासून सुटका असे वाटणे अगदी साहजिक होते. वॉशिंग्टन यांनी यावर एकच उपाय केला. ते प्रांतभर हिंडले आणि पालकांशी बोलले. चाबकाखाली केलेले काम वेगळे आणि समजून केलेले काम वेगळे, हे त्यांनी घरोघर पटविले. विद्यार्थ्यांची संख्या वाढतच गेली.

टस्कीगीच्या शिक्षणपद्धतीकडे शिक्षक या नात्याने मी विशेष लक्ष देऊन पाहतो. १८८४ साली तेथे रात्रशाळा निघाली. ज्यांजवळ खाण्यास काही नाही त्यांनी दिवसा दहा तास धंद्याचे काम करावे आणि रात्री दोन तास शिकावे. मजुरीतून जेवणाखर्च वजा जाता उरेल ती रक्कम शाळेत जमा राहावी आणि दीड-दोन वर्षांनी त्याच पैशांवर दिवसाच्या शाळेत बसावे. दिवसाच्या शाळेत चार दिवस अभ्यास व दोन दिवस धंदा अशी विभागणी असे. परंतु खरी खुबी पुढेच आहे. वर्ग आणि कारखाना यांत त्यांनी भिंत ठेवली नाही. सुतारशाळेत ज्या छपराचे लाकूड कापावयाचे त्याचेच गणित वर्गात सोडवावे, शेतात जे खत टाकले त्याचाच पाठ रसायनात यावा, निबंधाचा विषयही धंद्यातूनच निघावा, अशी त्यांची योजना होती. आराखडा काढता आल्यावाचून हत्याराला हात घालणे त्यांस मान्य नव्हते. शिक्षकही त्यांनी निवडून आणले. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयातून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय स्थापत्यविशारद रॉबर्ट टेलर हे १८९२ साली, तर कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे १८९६ साली तेथे आले. १९०६ साली तर कार्व्हर यांच्या योजनेने घोडागाडीवर अवजारे व बियाणे घालून शाळाच शेतकऱ्याच्या बांधावर नेली गेली.

आपल्याकडे कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात कित्येक वर्षे होता. ज्या शाळांत मी चाकरी केली त्यांतील एकीत त्या तासाला बहुधा राहिलेले गणित घेत, आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली तपासणीच्या दिवशीच सापडे. कागदी फुलांवर गुण देऊन आम्ही मोकळे होत असू. टस्कीगीत विद्यार्थ्याने केलेले टेबल जर डुगडुगले तर त्यावर जेवणारे त्याचेच सोबती असत. म्हणून ते पुन्हा करावे लागे. शाळेतील धंदेशिक्षण खरे की दिखाऊ, हे ओळखण्यास मला तरी याहून सोपी कसोटी सापडलेली नाही.

१८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथील प्रदर्शनात वॉशिंग्टन यांचे भाषण झाले आणि त्यांचे नाव देशभर दुमदुमले. कृष्णवर्णीयांनी आहे तेथेच शेती व धंदे यांत प्रावीण्य मिळवावे, सामाजिक समतेच्या मागणीसाठी आज झगडू नये आणि गोऱ्यांनी त्यांस उद्योगाची संधी द्यावी, असा त्या भाषणाचा आशय होता. धनिकांच्या थैल्या सुटल्या. पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस सन्मानदर्शक पदवी दिली. १९०१ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले; त्याच वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांस भोजनास बोलाविले तेव्हा दक्षिणेत मोठा गहजब उडाला. एका कृष्णवर्णीयाने अध्यक्षांच्या पंक्तीस बसावे हे दक्षिणेतील गोऱ्यांस सहन झाले नाही. पंक्तिभेद काही आपल्याच देशाची मिरासदारी नव्हे.

परंतु येथेच त्यांच्या कीर्तीला ग्रहण लागले. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदाच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. १९०१ साली खुद्द अलाबामाने नवी घटना करून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. धंदे शिकून, विटा पाडून, सचोटीने वागूनही हक्क मिळाले नाहीत. होते तेही गेले. १९०३ साली हार्वर्डचे विद्यावाचस्पती डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी आपल्या ग्रंथात वॉशिंग्टन यांच्यावर विनयपूर्वक पण कठोर टीका केली. मताचा हक्क, नागरिक म्हणून समता आणि बुद्धिमान तरुणांस उच्च शिक्षण ही तीन मागणी सोडून दिल्यावर नुसता धंदा माणसाला उभा करू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिवाय शिक्षक निर्माण करावयास महाविद्यालये हवीत, आणि टस्कीगीतील शिक्षकही कोठल्या तरी महाविद्यालयातूनच आलेले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. ही गोष्ट खोडून काढता येण्यासारखी नव्हती. वॉशिंग्टन यांची स्वतःची कन्या पोर्शिया हीसुद्धा पुढे पियानोवादन शिकण्यास जर्मनीस गेली. टीकाकारांशी वॉशिंग्टन नेहमीच उदारपणे वागले असेही नाही. त्यांच्या मताविरुद्ध जाणाऱ्या संस्थांना देणग्या मिळणे कठीण होई, हा त्यांच्या चरित्रातील उणा भाग आहे.

या वादाचा आपल्याशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणून उरलेला वेळ मुलांनी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली होती. सुताराच्या मुलाने सुतारकाम, धोब्याच्या मुलाने धुणे. हे तर जातीचेच शिक्षण झाले, म्हणून तेथील समाज पेटून उठला. १९५४ साली राजाजी पायउतार झाले व कामराज यांनी ती योजना रद्द केली. हा विरोध रास्त होता, असे माझे स्पष्ट मत आहे. सुताराच्या मुलाला रंधा आणि कारकुनाच्या मुलाला ग्रंथ, अशी वाटणी करणारी शाळा ही शाळाच नव्हे. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीत प्रत्येकाच्या हाती काम दिले, बापाचा धंदा पाहिला नाही. परंतु अमेरिकेत एका वर्णाला कारखान्याचे आणि दुसऱ्याला विद्यापीठाचे शिक्षण अशी जी वाटणी होत होती, तिला त्यांच्या शब्दांचा आधार मिळाला. नवे धोरण सर्वांच्या मुलांस दहा दिवस कारागिराजवळ बसवीत असेल तर आपण त्याचे स्वागत करावे. ते फक्त सरकारी शाळेतील गरिबाच्या मुलांपुरते उरले तर आपल्या संघाने हरकत घेतली पाहिजे.

एक गोष्ट मात्र वॉशिंग्टन यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे, कारण ती त्यांच्या हयातीत बहुतेकांस ठाऊक नव्हती. मताधिकार हिरावून घेणाऱ्या अलाबामाच्या घटनेविरुद्ध जो दावा १९०३ साली सर्वोच्च न्यायालयात चालला, त्याचा खर्च ते गुप्तपणे करीत होते. कर्जाच्या करारात मजुराला जखडणाऱ्या कायद्याविरुद्धच्या दाव्यासही त्यांचे साहाय्य होते, आणि १९११ साली तो कायदा रद्द ठरला. उघडपणे गोऱ्यांची मर्जी राखावयाची आणि पडद्याआड त्यांच्याशी झगडावयाचे, ही कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली. ती योग्य होती की नव्हती, यावर विद्वानांत अद्याप एकमत नाही. ज्या प्रांतात कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारीत, तेथे राहून दीड हजार मुलांची शाळा चालविणाऱ्या माणसाला मी तरी भ्याड म्हणणार नाही.

धंद्यांच्या निवडीतही पुढे अडचण आली. टस्कीगीत लाकडी चाके आणि बग्ग्या उत्तम होत. परंतु मोटार आली आणि ती विद्या मागे पडू लागली. कारखान्यांतील कित्येक कामगार संघ कृष्णवर्णीयांना आत घेत नसत. तेथून शिकून निघालेल्यांतील पुष्कळ जण शेवटी शिक्षकच झाले. आपल्याही ज्ञातीत बैलगाडीची चाके करणारे हात रबरी धावांनी रिकामे केले, ते आपण पाहिले आहे. धंदा शिकवावयाचा तर उद्याचा शिकवावा, आणि तो बदलला तर नवा शिकता येईल इतके गणित व विज्ञान सोबत द्यावे, ही मागणी आपण शाळांकडे करावयास हवी.

आपल्या देशातील मोठ्या माणसांचेही वॉशिंग्टन यांच्याकडे लक्ष गेले होते. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी १९०३ साली आपल्या पत्रात त्यांच्याविषयी लेख लिहिला. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची त्यांची स्वतःची योजना १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली. लाला लजपतराय यांनी टस्कीगीस भेट दिली होती. महात्मा फुल्यांनी तर वॉशिंग्टन हॅम्प्टनला शिकत असतानाच, १८७३ साली, आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी पत्र पाठविले ते डु बॉइस यांना.

अखेरच्या वर्षांत वॉशिंग्टन यांनी शिकागोचे दानशूर व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या साहाय्याने खेड्यांत शाळा बांधण्याचे काम हाती घेतले. १९१२ मध्ये टस्कीगीच्या आसपास सहा शाळांपासून आरंभ झाला. ग्रामस्थांनी वर्गणी, लाकूड व अंगमेहनत द्यावी आणि निधीने भर घालावी, अशी रीत होती. १९३२ पर्यंत दक्षिणेतील पंधरा प्रांतांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या, शिक्षकांसाठी २१७ घरे झाली आणि शाळांना जोडून १६३ कर्मशाळा बांधल्या गेल्या. माध्यमिक शाळांतील धंदेशिक्षणास मध्यवर्ती सरकारचे अनुदान देणारा कायदा अमेरिकेत १९१७ साली झाला. त्यातील पैसा दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शाळांपर्यंत पोहोचताना फारच थोडा उरे.

हे पाहण्यास वॉशिंग्टन हयात नव्हते. सततचा प्रवास, देणग्यांसाठीची पायपीट आणि वाढलेला रक्तदाब यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्क येथे ते अंथरुणास खिळले. आपण दक्षिणेत जन्मलो, तेथेच मरावे, असा हट्ट धरून ते आगगाडीने निघाले, आणि टस्कीगीस पोहोचल्यावर काही तासांतच, १४ नोव्हेंबर रोजी, त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय ५९ वर्षांचे होते. विद्यार्थ्यांनी स्वतः पाडलेल्या विटांनी जे प्रार्थनामंदिर उभारले होते, त्याच्या शेजारीच त्यांना मूठमाती देण्यात आली. ते मंदिर १९५७ साली वीज पडून जळाले व त्या जागी पुढे नवे बांधण्यात आले. समाधी मात्र तेथेच आहे, आणि १९४३ साली निवर्तलेले कार्व्हर यांची समाधीही तिच्या शेजारी आहे.